कडुनिंबाची सावली आणि वेगमर्यादा : मेहकर परिसराच्या संदर्भात एक प्रमाणमीमांसा

प्रबंधाच्या आरंभी विषयाची व्याप्ती सांगायची रीत आहे, तेव्हा सांगून टाकतो. पूर्वेला डोणगाव, पश्चिमेला सुलतानपूर, उत्तरेला जानेफळ, दक्षिणेला लोणार आणि मधोमध मेहकर. या चौकटीत गाडीचा वेग किती असावा, प्रत्यक्षात किती असतो आणि झाडाखाली पांढरी गाडी दिसली की किती होतो, एवढाच आमचा विषय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाटीवर आहे, दुसऱ्याचं मीटरवर. तिसऱ्याकडे मात्र विद्वानांनी अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे. भारुडांपासून बोंडअळीपर्यंत कशाकशावर प्रबंध होतात. रस्त्यावरच्या मामांवर झालेला निदान माझ्या पाहण्यात तरी नाही.

वाहतूक पोलिसाला मामा का म्हणतात, ही चर्चा आधी उरकून घेऊ. वडील नसूनही हक्काने दटावणारा आणि ज्याला उलट बोलायची सोय नाही असा घरातला पुरुष म्हणजे आईचा भाऊ. पुराणांनी कंस आणि शकुनी असे दोन मामा पुरवून या नात्यातल्या धोक्याची पाटीही वेळेवर लावून ठेवलेली आहे. खरा मामा सुट्टी संपवून निघालेल्या भाच्याच्या मुठीत नोट कोंबतो. रस्त्यावरच्या मामांच्या बाबतीत पैशाची दिशा तेवढी उलटी. बाकी नातं तेच. दुरून दिसले की भाचा सरळ बसतो, पट्टा ओढतो आणि गाणं बारीक करतो.

आता प्रतिज्ञा. मेहकर परिसरात वेगमर्यादेचा कडकपणा कायद्यावर नव्हे, झाडाच्या सावलीवर ठरतो. ही प्रतिज्ञा माझी म्हणून मिरवली असती, पण विद्वत्तेत प्रामाणिकपणा हवा. ती मला एका पंक्चरवाल्याने दिली. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधता शोधता, वर न पाहता तो म्हणाला, “पाटी कोन पाह्यते भाऊ? झाड पाहा लागते.” या दोन वाक्यांचा विस्तार म्हणजे पुढचा सगळा प्रबंध.

विस्तार असा. एप्रिल-मे महिन्यांत इथलं ऊन ४४ अंशांना टेकतं. डांबर मऊ पडतं, क्षितिजावर पाण्याचा भास होतो आणि कुत्री ट्रॉलीखालून हलत नाहीत. अशा वेळी अंगभर गणवेश घालून, हातात वेग मोजायची बंदूक धरून माणूस उघड्यावर उभा राहील, ही अपेक्षा कोणतंही सरकार ठेवणार नाही आणि ठेवली तरी माणूस ती पुरी करणार नाही. तो झाड शोधणार. जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्याच्या कडेला कडुनिंब आहे, चिंच आहे, बाभूळ आहे. बाभळीची सावली विरळ, म्हणून तिथे कायदाही विरळ. चिंचेची सावली दाट, पण तिच्याखाली बहुधा रसवंती आधीच थाटलेली असते. उरतो कडुनिंब. रुंदीकरणात जिथली झाडं गेली तिथे मामा प्रवासी निवाऱ्यात सरकले, म्हणजे सावलीचा पुरवठा निसर्गाकडून आमदार निधीकडे गेला; सिद्धांत जागच्या जागी राहिला.

ऐतिहासिक भूमिका दिल्याशिवाय प्रबंधाला भारदस्तपणा येत नाही. आमच्या चौकटीतला वेगमर्यादेचा पहिला ज्ञात भंग लोणारला झाला. तिथलं विवर उल्कापाताने झालेलं आहे आणि त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. बाहेरून येणारी कोणतीही उल्का पृथ्वीच्या वातावरणात शिरते ती सेकंदाला निदान ११ किलोमीटरच्या पुढच्या वेगाने, म्हणजे ताशी जवळजवळ ४०,००० किलोमीटर. द्रुतगती महामार्गावरच्या १२० च्या मर्यादेशी ताडून पाहिलं तर हे उल्लंघन तीनशे पटींच्याही वर जातं. आकार पाहता वाहन जड प्रकारात मोडतं. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात जड वाहनाला या गुन्ह्यासाठी दोन ते चार हजारांचा दंड आहे. पण तो वसूल होणं कठीण. यंत्राने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ पासून आलं आहे. आणि घटनेची तारीखच वादात आहे. आधी ती पन्नासेक हजार वर्षांपूर्वीची मानत. २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने मोजल्यावर ती ५ लाख ७० हजार वर्षांच्या घरात गेली. तारीख पाच लाख वर्षांनी सरकणारं चलान कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

आता मुख्य मीमांसा. न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पुढे मामा आहेत, हे ज्ञान वाहनचालकाला या चारही वाटांनी होतं. मिथिलेच्या नैयायिकांना एवढा जिवंत दाखला मिळाला नव्हता, कारण त्यांच्याकडे डोंगर होता आणि धूर होता, पण बोलेरो नव्हती.

फक्त प्रत्यक्ष मानणारा तो चार्वाक. आमच्याकडे तो बहुधा मोटरसायकलवर असतो. मागे दोघे, तोंडाला रुमाल, आरशाच्या जागी नुसती दांडी. मामा डोळ्यांनी दिसेपर्यंत मामा नाहीतच, असं त्याचं दर्शन. दिसल्यावर तो गाडी शेतात घालतो. मोक्षाचा हा मार्ग चारचाकीला खुला नसल्याने आपण पुढे जाऊ.

अनुमान करणाऱ्याला व्याप्ती लागते. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, तसं जिथे जिथे कडुनिंबाखाली पांढरी गाडी तिथे तिथे मामा. उदाहरण: गेल्या वर्षीचं चलान. पण या हेतूत व्यभिचार आहे. पांढरी गाडी पंचायत समितीची असते, कृषी खात्याची असते, गुटख्याची पुडी फोडायला थांबलेल्या बियाणे कंपनीच्या प्रतिनिधीची असते. डोणगावच्या अलीकडे एकदा सात-आठ गाड्यांची रांग एकदम चाळिसावर आलेली मी पाहिली आहे. सगळे सज्जन झाले, सगळ्यांनी पट्टे लावले, एका जीपवाल्याने तर टपावरच्या दोघांना खाली घेतलं. झाडाखाली गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून एक गृहस्थ टरबूज कापत होते. त्यांनी मान वर करून आम्हा सर्वांकडे पाहिलं आणि एक फोड पुढे केली. हेत्वाभासाचं इतकं गोड उदाहरण ग्रंथांत सापडायचं नाही. मात्र चार मिनिटं त्या रस्त्यावर कायद्याचं राज्य होतं आणि त्याला शासनाचा एक पैसा लागला नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

उपमानाची कथा जुनी आहे. रानात गवा कसा दिसतो, तर गाईसारखा, असं ऐकून गेलेला माणूस रानात तसं जनावर पाहतो आणि हाच गवा असं ओळखतो. माझ्या साडूंना इंटरसेप्टर कसा असतो असं विचारलं. ते म्हणाले, साध्या गाडीसारखाच, फक्त जास्त शांत उभा असतो. तेव्हापासून मला शांत उभ्या गाड्यांची भीती वाटते.

पण खरी मौज शब्दप्रमाणात. शब्द म्हणजे आप्ताचं वाक्य, आणि आप्त म्हणजे जसं आहे तसं सांगणारा, ज्याला खोटं बोलून काही मिळवायचं नाही असा. आमच्या रस्त्यावर समोरून येणारा ट्रकवाला हा आप्त होय. त्याचं वाक्य म्हणजे डिपर. दोनदा उघडझाप, वर हाताचा पंजा जमिनीकडे दाबून केलेली खूण: हळू घे, पुढे उभे आहेत. तो आपल्याला ओळखत नाही, पुन्हा भेटणार नाही, तरी सांगतो. अडचण एवढीच की डिपर हा अनेकार्थी शब्द आहे. मी येतोय, तू थांब, तुझा दिवा डोळ्यांत जातो, तुझं मागचं दार उघडं आहे, म्हशी आहेत, राम राम. कोणता अर्थ घ्यायचा हे प्रकरणावरून ठरवावं लागतं. रात्री दिवा, दिवसा मामा, संध्याकाळी म्हशी, असा ढोबळ नियम मी वापरतो.

याबाबतीत इंग्रज आपल्या पुढे गेले होते, हे खेदाने नमूद करतो. तिकडे वेग मोडल्याबद्दलची पहिली शिक्षा १८९६ सालची. वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी २ मैलांच्या मर्यादेत ८ मैलांनी चालले होते. शिपायाने सायकलवरून पाठलाग करून पकडलं आणि एक शिलिंग दंड झाला. पुढे पोलिसांच्या सापळ्यांना कंटाळून मोटारवाल्यांनी १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरून सभासदांना सावध करत. १९१० मध्ये न्यायालयाने ठरवलं की अशी खूण करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. तेव्हा संघटनेने युक्ती काढली. एरवी त्यांचा माणूस सभासदाच्या गाडीला सलाम ठोकायचा. पुढे सापळा असेल तर ठोकायचा नाही. सलाम चुकला की सभासदाने थांबून चौकशी करायची. न केलेल्या कृतीवर खटला कसा भरणार? आपल्याकडेही अभावाला स्वतंत्र पदार्थ मानणारे तर्कपंडित होऊन गेले, पण त्याचा वाहतुकीला एवढा उपयोग कुणाला सुचला नाही.

कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३. त्याचं तिसरं उपकलम म्हणतं की एकट्या साक्षीदाराला गाडी जोरात वाटली एवढ्यावर कुणालाही दोषी ठरवता येणार नाही. त्या मताला यंत्राने केलेल्या मोजणीचा आधार हवा. म्हणजे संसदेने मामांचं प्रत्यक्ष अप्रमाण ठरवून यंत्र हे पाचवं प्रमाण दाखल केलं. त्याच्याही पुढची गंमत २०२१ च्या नियमांत आहे. जिथे यंत्र लावायचं, त्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा. पुढे सापळा आहे अशी पाटी असलेला सापळा जगात दुसरा कुठे असेल तर तो लग्नाचा.

आणि लग्नावरून चौथ्या उपकलमाकडे यावं लागतं. ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. अमुक प्रवास अमुक वेळेत पुरा करावा असं वेळापत्रक कुणी प्रसिद्ध केलं, किंवा तसा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा पाळून तो प्रवास त्या वेळेत होण्यासारखा नाही असं न्यायालयाला वाटलं, तर वेळापत्रक काढणाऱ्यावरच गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा उभा राहतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बसकंपन्या असाव्यात. त्यांनी आमच्याकडच्या लग्नपत्रिका पाहिल्या नव्हत्या. ‘शुभमुहूर्त दु. १२ वा. १५ मि.’ हे वेळापत्रक झालं. ‘आप्तेष्टांनी वेळेवर उपस्थित राहावे’ हा हुकूम झाला. वर कोपऱ्यात चिमुरड्यांच्या नावाने ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असं छापलेलं असतं, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने तर फारच सूचक. पत्रिका हाती पडते आदल्या रात्री, वऱ्हाड निघायचं जालन्याहून, निघेपर्यंत दहा वाजतात कारण आत्याचा डबा राहतो. कायद्याच्या भाषेत कन्यापिता सापडला.

मात्र कन्यापित्याचा बचावही भक्कम आहे. या वेळापत्रकावर कुणाचाच विश्वास नसतो. मुहूर्ताच्या वेळी नवरदेव बँडपुढे असतो आणि वरात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं चारशे मीटर अंतर दीड तासात कापते. ताशी पाव किलोमीटरचा हा वेग माझ्या नोंदींमधला नीचांक आहे. त्याच्या वर, पण वाहनांच्या फार खाली, पालखीचा वेग. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, जानेफळ अशी जाते. त्या दिवशी रस्त्यावर बंदूक नसते, पाटीकडे कुणी पाहत नाही आणि एकही गाडी कुणाला ओलांडत नाही. सावलीच्या सिद्धांताला हा सन्मान्य अपवाद.

दुसरा अपवाद समृद्धी महामार्ग. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि मेहकरला उतरायची सोय झाली. रस्ता आखला ताशी १५० साठी, मोटारीला मर्यादा १२०, दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे आमचा चार्वाक इथे बाद. आणि झाड नाही! मैलोगणती एक कडुनिंब नाही. सिद्धांत कोसळणार की काय, या काळजीने मी त्या रस्त्यावर मुद्दाम गेलो. तर वरून गावरस्ता जाणाऱ्या पुलाच्या सावलीत एक पांढरी गाडी शांत उभी होती. मला भरून आलं.

इथे सरकारपाशी आणखी एक शस्त्र आहे, ते सावलीवाचून चालतं. आत शिरल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ पथकर नाक्यावर नोंदते. नागपूर ते शिर्डी १२० ने चार तास वीस मिनिटं. त्याआधी पोचलात तर मर्यादा मोडलीत, मग वाटेत कुणी पाहिलेलं असो वा नसो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे असाच सरासरी वेगही काढतात. यामागे फ्रेंच गणिती लाग्रांज यांचं मध्यमूल्य प्रमेय आहे. बारावीला विज्ञान घेतलेल्याने ते पाठ केलेलं असतं आणि याचा पुढे काय उपयोग, असं म्हणून विसरलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की सरासरी १३० असेल तर वाटेत कुठल्या ना कुठल्या क्षणी काटा नेमका १३० वर होताच. लाग्रांज १८१३ मध्ये वारले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत एवढा कमी पगार घेणारा दुसरा माणूस नसेल. यावर भाच्यांचा तोडगाही तितकाच गणिती: दीडशेने सुटायचं आणि बाहेर पडायच्या अलीकडे वीस मिनिटं गाडी कडेला लावून पोहे खायचे. सुरुवातीच्या दिवसांत परिवहन खात्याने वेग मोडणाऱ्यांना बसवून समुपदेशन करायची प्रथा काढली होती. वाचवलेली वीस मिनिटं ऐकण्यात जायची, पोहे मिळायचे नाहीत.

याच रस्त्यावर सिंदखेडराजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर एक खासगी बस दुभाजकाला धडकून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. तो किलोमीटर आला की गाडीतले सगळे गप्प होतात. प्रबंधही तेवढा वेळ गप्प राहतो.

गतिरोधकांवर स्वतंत्र ग्रंथ होईल, इथे एवढंच. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गावात अपघात झाला की रातोरात मुरूम-सिमेंट टाकून जो उभा राहतो, त्याचं माप त्या रात्रीच्या रागाएवढं असतं. ऊन असो पाऊस असो, सावली न मागता उभा राहणारा मामा तो एकच.

आता शेवटचा आणि भौतिकशास्त्रीय भाग, ज्यावर माझ्या फार आशा होत्या. लेझरची बंदूक गाडीवर किरण सोडते, ते परत यायला लागणाऱ्या वेळेतला फरक मोजते आणि गाडी बंदुकीच्या दिशेने किती वेगाने येते ते सांगते. मामा रस्त्याच्या मधोमध नसून कडेला झाडाखाली असतात, त्यामुळे किरण तिरका पडतो आणि मोजलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कोनाच्या कोसाइनइतका कमी भरतो. नेहमी कमीच, जास्त कधी नाही. म्हणजे झाड रस्त्यापासून जितकं दूर, तितकी आपल्याला सूट! सावली मामांना हवी, पण तिचा थंडावा भाच्यालाही मिळतो. मी टेप घेऊन गेलो. एक कडुनिंब गाड्यांच्या वाटेपासून सहा मीटर भरला. शंभर मीटरवरून नेम धरला तर १२० च्या जागी यंत्र ११९.८ दाखवेल. सूट ताशी दोनशे मीटर. पंधरा मीटरवर आल्यावर ती नऊ किलोमीटरपर्यंत चढते खरी, पण तोवर मामांचं काम होऊन त्यांनी बंदूक खाली ठेवलेली असते.

या टप्प्यावर संशोधकाला स्वतःला प्रयोगाचा विषय व्हावं लागलं. वैशाखातलं लग्न, मुहूर्त १२ वाजून १५ मिनिटं, निघायला उशीर, शेजारी सौभाग्यवती, तिच्या मांडीवर चिवड्याची पिशवी. समोरून एका ट्रकने दोनदा डिपर दिला. दिवस होता, अर्थ उघड होता. पण मी त्या वेळी चौथं उपकलम समजावून सांगत होतो. मांडवात शिरताना मोबाइल वाजला: वेग मर्यादेपेक्षा अकरा किलोमीटर जास्त, दंड दोन हजार.

कन्यापित्यापुढे मी कायदा मांडला. पत्रिका दाखवली, मुहूर्तावर बोट ठेवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग घाम पुसत म्हणाले, “सायेब, नवरदेवच अडीचले आला. तुमाले कायची घाई होती?”

रात्री घरी येऊन चलानाचा फोटो उघडला. गाडीचा तोंडावळा, नंबर स्पष्ट, काचेमागे आम्ही दोघं. सौ.ने मोठा करून पाहिला. “तुमचा एकच हात दिसतोय स्टीअरिंगवर,” ती म्हणाली. दुसरा चिवड्याच्या पिशवीत होता. तिचा स्वतःचा डोळा मिटलेला आला होता आणि याचा तिला दोन हजारांपेक्षा जास्त राग होता. मी मात्र फोटोच्या उजव्या कोपऱ्यात पाहत होतो. तिथे, बंदुकीच्या अगदी जवळ असल्यामुळे धूसर झालेली, एक फांदी आत डोकावत होती. पाच-सात पानं, काठाला दातेरी. मी आणखी मोठा केला.

कडुनिंबच होता.